दोष बॅटरीचा नव्हता

“बॅटरी गेली, नवी टाका.” जुनी मोटारसायकल बाळगणाऱ्याला हे वाक्य तोंडपाठ असते. दिवा मिणमिणतो, हॉर्न घसा बसल्यासारखा वाजतो, किक मारून मारून पाय भरून येतो. गॅरेजात कोणीतरी एकदा हॉर्नचे बटण दाबतो आणि निकाल देऊन मोकळा होतो. आपणही पैसे मोजतो. कारण नवी बॅटरी बसवली की गाडी खरोखरच चालू लागते. माझे म्हणणे असे की, आपण फसतो ते नेमके इथेच. गाडी चालू झाली म्हणजे दोष सापडला, असे मुळीच नाही.

अनुभवावरूनच बोलतो. आमच्या तात्यांकडे, म्हणजे माझ्या चुलत्यांकडे, १९७८ सालची येझदी आहे. म्हैसूरच्या ज्या कारखान्यात ती तयार झाली, तेथे आधी जावा नावाने आणि १९७३ पासून येझदी नावाने गाड्या निघत. १९९६ साली तो कारखाना बंद पडला. माझा जन्म त्यानंतरचा. येझदी हे नाव २०२२ साली नव्या गाड्यांवर परत आले आहे, पण तात्यांचा जीव जुनीवरच. एका दिवाळीच्या आधी त्यांनी ती हौसेने रंगवून घेतली. महिन्याभरात बॅटरी उतरली. नवी टाकली, सहा आठवड्यांत तीही उतरली. “तू कॉलेजात जातोस, तूच सांग,” असे तात्या म्हणाले, तेव्हा “बॅटरीच खराब निघाली असेल” असे ठोकून देऊन आणखी एक नवी बॅटरी मीच दुकानातून आणली. तीही गेली.

हा केवळ पैशाचा प्रश्न नव्हता. तात्या डेअरीत संध्याकाळचे दूध घालून अंधारात परततात. उसाच्या हंगामात आमच्या रस्त्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या मागे दिवा न लावता उभ्या असतात. एका रात्री अशा ट्रॉलीपासून हातभर अंतरावर तात्यांची गाडी थांबली. दुसऱ्या दिवशी आम्ही ती ढकलत बसस्थानकामागच्या एका वृद्ध मिस्त्रींकडे नेली.

या गाडीची वीज सहा व्होल्टची. इंजिनच्या उजव्या झाकणाखाली डायनामो असतो. इंजिनाबरोबर त्याचे आर्मेचर फिरते, कार्बनचे ब्रश त्यावरून वीज उतरवून घेतात, रेग्युलेटर तिला आवर घालतो आणि कटआउट तिला बॅटरीकडे वाट करून देतो. इंजिन मंद झाले की हाच कटआउट वाट बंद करतो; नाहीतर बॅटरीच उलट डायनामोत रिकामी व्हायची. पुढे एक छोटा तांबडा दिवा असतो. किल्ली फिरवली की तो लागतो आणि इंजिनने वेग घेतला की विझतो. आमचा दिवा अगदी वेळच्या वेळी विझत होता. त्यावरून आम्ही सर्वांनी अनुमान काढले की चार्जिंग ठीक आहे, तेव्हा दोष बॅटरीचाच. वास्तविक तो दिवा एवढेच सांगतो की डायनामो वीज करतो आहे. ती बॅटरीपर्यंत पोहोचते की नाही, याबद्दल तो काहीच बोलत नाही.

मिस्त्रींनी विचारले, “नवी टाकून किती दिवस चालली?”

“पाच-सहा आठवडे, मिस्त्री.”

“मग ती दुकानातनं भरून आणलेली वीज संपली. तुमच्या गाडीनं तिच्यात कायबी भरलं न्हाई.”

त्यांनी डायनामोला हात लावला नाही. आधी बॅटरी रात्रभर बाहेर चार्ज केली आणि काही तास तशीच ठेवून मीटर लावला. काटा ६.३ व्होल्टवर आला. म्हणजे बॅटरी भरते आणि भरलेले धरून ठेवते. मग ती गाडीत बसवून, इंजिन बंद ठेवून हेडलाइट लावला. दिवा मिणमिणत होता, पण बॅटरीच्या टोकांवर मीटर सहाच्या खाली येत नव्हता. “बॅटरी द्यायला तयार हाय, मधीच कुणीतरी खातंय,” ते म्हणाले. अर्धा तास दिवा जाळून बॅटरी थोडी उतरवली, इंजिन सुरू करून रेस केले. बॅटरीवर सातच्या आसपास यायला हवे होते, आले ६.३. डायनामोकडून येणारी तार आणि इंजिनचे अंग यांच्यामध्ये मीटर लावला, तर ७.२. मग बॅटरीचे अर्थिंगचे टोक आणि इंजिनचे अंग यांच्यामध्ये लावला. तिथे शून्याच्या जवळ काही असायला हवे होते. आले ०.९. ६.३ आणि ०.९ मिळून ७.२. हिशेब जुळला.

“बिघाडाच्या आधी गाडीला कुणाचा हात लागला हुता का?” मिस्त्रींनी विचारले. तात्या म्हणाले, “रंगवून घेतली.” अर्थिंगची तार चेसीला जिथे बोल्टने आवळली होती, तिथे खाली जाड रंग होता. बोल्ट काढून पॉलिश पेपरने रंग खरवडला, लोखंड उघडे केले, बोल्ट आवळून वरून व्हॅसलीन लावले. बॅटरीवर मीटर सातला पोहोचला.

सहा व्होल्टच्या गाडीत हा दोष अधिक जाचतो. ३५ वॅटचा दिवा बारा व्होल्टवर सुमारे ३ अँपिअर घेतो, तर सहा व्होल्टवर सुमारे ६. प्रवाह दुप्पट, म्हणून खराब जोडात नुकसानही जास्त आणि मुळात व्होल्ट निम्मेच. बारातून एक गेला तर चालून जाते. सहातून एक गेला तर दिव्याचा काजवा होतो.

जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ साली प्रसिद्ध केलेल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात कारण शोधण्याच्या पद्धती सांगितल्या आहेत. त्यांतील व्यतिरेक पद्धती आम्हाला वर्गात शिकवली गेली. दोन प्रसंग एका गोष्टीखेरीज सर्व बाबतींत सारखे असतील आणि परिणाम एकात घडून दुसऱ्यात घडत नसेल, तर कारण त्या एका गोष्टीत शोधावे. परीक्षेत या प्रश्नाचे मला चांगले गुण मिळाले होते. पण चार्जिंग होत होते तेव्हाची गाडी आणि होत नव्हते तेव्हाची गाडी यांत फरक कोणता, हा प्रश्न मला सुचला नाही. तो सुचला मिल हे नावही न ऐकलेल्या मिस्त्रींना. “कालिजात काय शिकतोस?” असे त्यांनी विचारले, तेव्हा “तर्कशास्त्र” म्हणताना माझी जीभ अडखळली.

कोणी म्हणेल, हे जुन्या गाडीचे झाले. आजच्या गाडीचा रेग्युलेटर भरीव ठोकळ्यासारखा असतो, तो उघडताच येत नाही, बदलण्याखेरीज उपाय काय? हे खरे आहे. पण बदलण्यापूर्वी दोष त्याच ठोकळ्यात आहे की शेजारच्या जोडात, हे पाहण्याला कोणाची मनाई आहे? ते न पाहता भाग बदलणे म्हणजे आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला.

आणि या सवयीला केवळ गॅरेजवाला जबाबदार नाही. मिस्त्रींनी शंभर रुपये मागितले, तेव्हा तात्या कुरकुरले : “नुसता रंग खरवडायचे शंभर?” दोन बॅटऱ्यांचे पैसे देताना मात्र ते एक शब्द बोलले नव्हते. आपण वस्तूचे पैसे देतो, शोधाचे देत नाही. मग दोष शोधण्यात दोन दिवस कोणी का घालवावेत? भाग बदलून मिळणाऱ्या कमिशनवर त्याने पोट भरले, तर त्याला शिकवले आपणच.

तेव्हा माझी विनंती एवढीच आहे. यापुढे कोणी “हा भाग गेला” असे म्हणेल, तेव्हा “कशावरून?” असे विचारावे. आणि जो त्याचे उत्तर मीटर लावून दाखवील, त्याला त्या उत्तराचे दाम हातचे न राखता द्यावे. मी त्या दिवशी तात्यांच्या देखत शंभराची नोट मिस्त्रींच्या हातावर ठेवली. तात्या अजून म्हणतात की जास्तच दिले. गाडीचा दिवा मात्र आता ट्रॉली लांबूनच दाखवतो.