लकवा : आधी घड्याळ पाहा

जेवता जेवता तोंड वाकडे होते, हात लुळा पडतो, बोलणे अडखळते. घरात तेलमालीश सुरू होते. "सुरतेचा मुलगा आला की ठरवू," म्हणतात. वाचकहो, इथेच घात होतो! गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आतच देतात. तेही सीटी स्कॅनमध्ये मेंदूत रक्तस्राव नाही हे पाहूनच. म्हणून रुग्ण शेवटचा धडधाकट केव्हा दिसला, ती वेळ टिपून ठेवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास निर्णय बदलतो, तेव्हा औषधांची चिठ्ठी सोबत घ्या. तोंडात पाणीही घालू नका. चोपडा, साक्रीकडच्या मंडळींनी १०८ ला फोन करून सीटी स्कॅनची सोय असलेले जळगाव-धुळ्याचे रुग्णालय गाठावे. माझ्यासारख्याच्या दवाखान्यातही थांबू नये. मुलगा थेट तिथे येईल.