राउटरचे कुलूप

महाड-पोलादपूरच्या बाजारपेठांत खाली दुकान आणि वर घर ही जुनी रचना आजही आढळते. मुलांचा अभ्यास, पाहुण्यांचे मोबाइल, गल्ल्याजवळचा संगणक आणि जीएसटीचे विवरणपत्र, हे सारे मग एकाच राउटरवर चालते. घर व दुकान यांमध्ये दार असते. राउटरमध्ये ते आपणच बसवावे लागते.

२०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने जगभरातील लाखो राउटर व कॅमेरे ताब्यात घेतले. तिने कुलूप फोडले नाही. कारखान्यातून आलेले आणि कोणी न बदललेले पासवर्ड केवळ वापरून पाहिले.

म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रथम त्याचा मूळ पासवर्ड बदलावा. वायफायसाठी डब्ल्यूपीए३, ते नसल्यास डब्ल्यूपीए२ निवडावे व त्याचा पासवर्ड लांब ठेवावा. डब्ल्यूपीएस बंद करावे. त्याच्या आठ अंकी पिनमधील दोष २०११ सालीच उघड झाला आहे. फायरवॉल चालू आणि बाहेरून राउटर हाताळण्याची सोय बंद असावी. पाहुण्यांना ‘गेस्ट’ वायफाय निराळे द्यावे, म्हणजे त्यांचे मोबाइल हिशेबाच्या संगणकापासून दूर राहतात.

२२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर दुकान नव्याने मांडणे म्हणजे काय, हे महाडकर जाणतात. नवा राउटर आला किंवा जुन्याचे रीसेट बटण दाबून धरले गेले, की ही सारी व्यवस्था पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. जोडणी करणारा माणूस निघण्यापूर्वीच ती करून घ्यावी. नवा पासवर्ड वहीत लिहून तिजोरीत ठेवावा. राउटरच्या पाठीवर चिकटवू नये.