हिसका

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. विषय मासेमारीचा आहे, त्यामुळे आमच्या शाकाहारी नातेवाईकांनी हवं तर इथंच थांबावं. (थांबणार नाहीत, माहीत आहे.)

परवा मिशिगनहून नातवाचा व्हिडिओ कॉल आला. तोंड एवढंसं झालेलं. सकाळपासून ह्युरॉन नदीत गुडघाभर पाण्यात उभा होता. बारा वेळा मासा आमिषाला लागला, हातात आले दोन! मासा कुठला, तर स्मॉलमाउथ बास. तपकिरी-हिरवट अंग, त्यावर उभे पट्टे, लालसर डोळा. आमिष म्हणजे मऊ प्लॅस्टिकची बोटभर अळी. शेजारच्या एका जाणकारानं सल्ला दिला, "आणखी जोरात हिसका मार." आणि आमचे चिरंजीव मागून म्हणाले, "घाई करू नकोस, नीट गिळू दे त्याला."

हे दोन्ही सल्ले मी साठ वर्षं ऐकतो आहे. मुठेच्या काठावर ऐकले, दौंडला भीमेवर ऐकले. दोन्ही चूक आहेत, आणि दुसरा तर निव्वळ क्रूर आहे.

आधी मासा खातो कसा ते बघा. तो आपल्यासारखा घास घेऊन चावत बसत नाही. एकदम तोंड उघडतो आणि पाण्यासकट खाणं आत ओढतो. संशय आला की तितक्याच झटकन बाहेर थुंकतो. आमिष मऊ असलं तर क्षणभर जास्त धरून ठेवतो, एवढाच काय तो मऊपणाचा फायदा. त्या क्षणात गळाचं टोक त्याच्या ओठात रुतलं पाहिजे. आता टोकच जर आमिषाच्या पोटात पुरलेलं असेल, तर तुम्ही हिसका मारून काय करता? त्याच्या तोंडातलं आमिष तेवढं ओढून काढता!

हे मला नदीवरच्या एका भोईकाकांनी शिकवलं. आम्ही नारायण पेठेत राहायचो. पानशेतच्या पुराच्या, म्हणजे १९६१ च्या आधीची गोष्ट, मी दहा वर्षांचा असेन. घरातून चोरून आणलेली कणीक, त्यात शेंगदाण्याची पेंड, पाण्यात विरघळू नये म्हणून थोडा कापूस. हे सगळं घट्ट मळून मी गळाला लिंबाएवढा गोळा लावायचो. बुचाचा तुकडा सारखा बुडायचा, मी सारखा हिसके मारायचो आणि गळ रिकामा वर यायचा. काकांनी एक दिवस गोळा हातात घेतला, दाबून बघितला आणि म्हणाले, "बाळा, हा मासा धरायला आहे का गोफणीला?" मग पाण्याचा हात लावून कणीक सैल केली, बोराएवढी घेतली आणि टोक चक्क बाहेर ठेवलं. मी म्हटलं, "काका, माशाला दिसेल की!" ते म्हणाले, "दिसू दे. तुला मासा पाहिजे की लपंडाव खेळायचाय?"

नंतर त्यांनी गळाचं टोक अंगठ्याच्या नखावरून अलगद ओढून दाखवलं. नखात अडकलं तर धार आहे, घसरलं तर बोथट. दगडावरून गळ ओढला की बोथट होणारच. मग कानशीनं घासा नाहीतर बदला. ही परीक्षा इतकी सोपी आहे, पण करताना मी फार थोडे लोक पाहिलेत. बाकी सगळी चर्चा आमिषाच्या वासाची. हिंग घालावा का, कुठलं इसेन्स घालावं, भाजलेलं पीठ बरं का कच्चं! बाराव्या शतकात कल्याणीच्या सोमेश्वर राजानं 'मानसोल्लासा'त गळानं मासे धरण्याच्या खेळावर लिहिलं, त्यातही कुठल्या माशाला कुठलं आमिष ते आहे. म्हणजे ही हौस जुनीच. पण वासानं मासा जवळ येतो, धरला जातो तो टोकानं. असो.

हिसक्याचं म्हणाल तर तंगूस रबरासारखा ताणतो. तीस मीटर तंगूस पाण्यात, त्यात प्रवाहानं पडलेला झोळ. तुमचा हिसका झोळ काढण्यातच संपतो. आधी झोळ गुंडाळून घ्यावा, पलीकडे वजन जाणवलं की काठी एका बाजूला, सलग आणि ठामपणे ओढावी. विणलेली दोरी असेल तर ती जवळजवळ ताणतच नाही. तिथं हिसका मारलात तर ओठ फाटतो.

आता "गिळू दे" वाले. मी चाळिशीत असताना मुळशीकडे एकदा असाच थांबलो होतो. मासा लागला, वरही आला. हातभर महसीर. गळ घशाच्या खाली, कल्ल्यांतून रक्त. सोडायला गेलो तर पाण्यात आडवाच झाला. आमच्या घरात मासा शिजत नाही, मी सोडण्यासाठीच धरतो. मग हा कशासाठी मारला? याच जातीची, टोर खुद्रीची, शास्त्रीय नोंद कर्नल साइक्सनं १८३९ मध्ये केली, ती मुळा-मुठेतल्या माशावरून. १९७० च्या दशकापासून लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीनं याची पिल्लं वाढवून पाण्यात सोडली. आणि मी एक थांबून मारला! थांबायचंच असेल तर गोल वळलेल्या टोकाचा गळ वापरा. तो बहुधा तोंडाच्या कोपऱ्यात लागतो, आणि त्याला हिसका चालतच नाही, नुसती दोरी ताणायची.

नातवाला मी एवढंच सांगितलं. अळी बारीक घे. गळाचं टोक आणि दांडा यांच्यातली फट अळीच्या जाडीपेक्षा चांगली मोठी हवी, नाहीतर अळी गोळा होऊन फट बुजते. टोक उघडं ठेव. शेवाळात अडकत असेल तर अळीच्या सालीखाली जेमतेम लपव. नखावर बघ. आधी झोळ काढ.

काल पुन्हा कॉल आला. आठ वेळा लागला, पाच हातात आले, पाचही ओठात धरलेले आणि पाचही सोडले. राहिलेल्या तिघांबद्दल चिरंजीव मागून म्हणाले, "बाबा, त्याचा हिसका जरा कमी पडला."