ट्रॉलीचे टायर आणि चार आकडे

जुना टायर घेताना आपल्याकडे पहिलं काय बघतात? गोटा झालाय का ते. खाचेत नख घालायचं, "अजून दोन सीझन आरामात जातील" म्हणायचं, की सौदा पक्का. ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीसाठी ही परीक्षा साफ चुकीची आहे, असं माझं मत आहे. दसऱ्याच्या सुमारास आमच्या धाराशिव जिल्ह्यात (उस्मानाबाद म्हणायची सवय ज्यांची अजून गेली नाही त्यांनी तसं वाचावं) घरोघरी हाच विषय असतो, म्हणून आत्ताच लिहितोय.

ट्रॉली पळते कधी? नोव्हेंबर ते फार तर मार्च. उरलेले सात-आठ महिने ती वाड्यासमोर किंवा बांधावर उभी, एकाच जागी, निम्मी हवा गेलेली, वर मराठवाड्याचा उन्हाळा! खाचा झिजतच नाहीत. पण रबर मरत असतं. टायरच्या रबरात एक मेणासारखं द्रव्य घातलेलं असतं. टायर फिरताना दबतो-फुगतो, तेव्हा ते हळूहळू वर येतं आणि हवेतल्या ओझोनपासून रबर राखतं. उभ्या टायरला ते राखण धड मिळत नाही. मग बाजूच्या भिंतीला बारीक भेगा पडतात, टाचेला पडतात तशा. वरून नक्षी मात्र नव्यासारखी.

आमच्याकडे तर हे जास्तच. ढोकीचा तेरणा कारखाना बरीच वर्षं बंद होता. २०१६ साली तर शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं ऊस कसला आणि वाहतूक कसली... अशा वर्षांत ट्रॉल्या लिंबाखाली नुसत्या उभ्या राहतात, आणि त्यांचे टायर "न वापरलेले" म्हणून विकले जातात. न वापरलेले खरेच, पण म्हातारे!

म्हणून वय वाचायचं. टायरच्या भिंतीवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३२१७ म्हणजे २०१७ सालचा बत्तिसावा आठवडा. एका बाजूला नसले तर दुसऱ्या बाजूला बघायचे, आणि घासून काढलेले दिसले तर दुकानातून सरळ बाहेर पडायचं. बऱ्याच कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करा आणि दहा वर्षं झाली की खाच कितीही असो, टायर बदला असं सांगतात. आपलं ऊन आणि आपलं ओझं बघता मी सहा-सातवरच थांबेन. दोन ट्रॉल्यांत मिळून वीस टनांच्या वर ऊस सहज भरला जातो, हे विसरून चालत नाही.

रिमोल्डला माझा सरसकट विरोध नाही. आतलं कलेवर तरुण असेल तर चालतं, पण वय तिथंही बघायचंच. एका आकाला एक नायलॉन आणि एक रेडियल मात्र नको. आणि आत गेटर टाकलेला ट्रकचा टायर तर फुकट मिळाला तरी नको.

यावर थोरल्या चुलतभावाचं, म्हणजे दादाचं, म्हणणं असं की दोन ट्रॉल्यांचे आठ टायर, नवा एकेक पाच आकडी रकमेचा, आणि ऊसबिल कधी येईल त्याचा भरवसा नाही. दादा, हिशेब बरोबर आहे. पण टायर घेतो ट्रॉलीचा मालक आणि वर बसतात दुसरेच. भूम-वाशीकडच्या टोळ्या सीझनच्या सुरुवातीला सांगली-कोल्हापूरकडे, कर्नाटकात निघतात तेव्हा ट्रॉलीत अख्खा संसार असतो. भांडी, सरपण, शेळी, लेकरं. तुळजापूरचा घाट उतरताना टायर फुटला तर ट्रॉली कुठल्या अंगाला जाईल हे ड्रायव्हरच्या हातात राहत नाही. त्या बाईनं उचल घेतलेली असते, टायर बघून घेण्याची सोय तिला कोणी ठेवलेली नसते. वाचवलेले पैसे मालकाचे आणि धोका तिचा, हा व्यवहार मला पटत नाही. आठ एकदम होत नसतील तर यंदा चार घ्यावेत आणि दुसरी ट्रॉली तेवढी उभी ठेवावी. कमाई बुडेल, हो. बुडू दे.

ट्रॉली उभी करताना आकाखाली ठोकळे लावून चाकं अधांतरी ठेवावीत, टायरवर गोणपाट टाकावं. एवढ्यानंही फरक पडतो.

आणि काढलेले टायर "चालतंय की" म्हणून कुणाच्या ट्रॉलीला देऊ नयेत. पंक्चरवाल्यासमोर उभं राहून दोन तुकडे करून घ्यावेत. एखाद्यात म्हशीला पाणी ठेवता येतं, बाकीचे भंगारात.