ध्रुवांवरील न दिसणारा पाऊस

२०२४ च्या मे महिन्यात लडाखमधील हान्ले येथे रात्रीच्या आकाशात तांबूस प्रकाश दिसला आणि त्याची छायाचित्रे घरोघरी पोचली. सूर्यावरून आलेल्या वादळाचा तो परिणाम होय, हे वाचकांच्या कानी आलेच असेल. परंतु अशा वेळी डोळ्यांना न दिसणारा आणखी एक पाऊस पृथ्वीच्या दोन्ही ध्रुवप्रदेशांवर पडत असतो. त्याविषयी चार शब्द सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

पृथ्वी हे एक प्रचंड लोहचुंबक आहे. वातावरणाच्या पुष्कळ वर तिच्याभोवती अतिवेगवान विद्युत्कणांची कडी आहेत. १९५८ साली उपग्रहावरील उपकरणांच्या साहाय्याने जेम्स व्हॅन ॲलन यांनी त्यांचा शोध लाविला. या कड्यांतील इलेक्ट्रॉन उत्तर-दक्षिण अशा अखंड येरझारा घालतात. चुंबकीय बंधनामुळे एरवी ते खाली येत नाहीत. सौरवादळाने हे क्षेत्र क्षुब्ध झाले, म्हणजे तेथे उठणाऱ्या लहरी त्यांना मार्गावरून ढळवितात आणि ते ध्रुवांलगतच्या हवेत कोसळतात.

झिमझिम पाऊस झाडाच्या पानांवरच जिरतो. टपोरे थेंब मात्र मातीपर्यंत पोचतात. तसेच येथेही घडते. मंद इलेक्ट्रॉन शंभर किलोमीटरच्या वरच थांबून ध्रुवप्रकाश उजळतात. वेगवान इलेक्ट्रॉन ६० ते ९० किलोमीटर उंचीपर्यंत उतरतात. तेथे नायट्रोजनची ऑक्साइडे निर्माण होतात व ती ओझोनचा नाश करितात. ध्रुवावरील दीर्घ रात्री ऊन नसल्यामुळे ती टिकून राहतात आणि हळूहळू खालच्या थरांत येतात.

यावरून कोणी म्हणेल, ‘ओझोन सूर्यच नाहीसा करितो, मग माणसाचा दोष तो काय?’ हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही. हा पाऊस माणूस जन्मण्याच्या आधीपासून पडत आला आहे. वरच्या हवेत ऊन परतले, म्हणजे त्याचा जोर ओसरतो. अंटार्क्टिकावरील ओझोनचे खिंडार मात्र मुख्यत्वे शीतकपाटे इत्यादींत वापरलेल्या क्लोरीनयुक्त वायूंनी पाडिले. ते आवरण्यासाठी १९८७ साली माँट्रियल येथे राष्ट्रांना करार करावा लागला. निसर्गाचा वाटा नीट मोजला, तरच माणसाचा वाटा स्पष्ट होतो.

हे संशोधनक्षेत्र आपणांस अगदीच परके नाही. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम १९८१ च्या डिसेंबरात गोव्यातील मुरगाव बंदरातूनच निघाली, आणि ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था वास्को येथे आहे.

हे इलेक्ट्रॉन जमिनीपर्यंत पोचत नाहीत. तेव्हा सौरवादळाची वार्ता ऐकून शेतातले काम टाकून घरात बसण्याचे कारण नाही. वरची हवा तो मारा आपल्या अंगावर झेलते. तिची राखण करणे मात्र आपल्या हाती आहे.