आधी यादी दाखवा, मग खड्डे खणा

नोव्हेंबर 2025 मध्ये तपोवनातल्या झाडांवरून नाशिक ढवळून निघाले. सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी साधुग्राम, म्हणजे साधूंच्या मुक्कामाची वसाहत, उभारायचे, त्यासाठी सुमारे 1,800 झाडांवर गंडांतर येणार, असे कळताच हरकतींचा ढीग पडला. अभिनेते सयाजी शिंदे तपोवनात येऊन गेले, प्रकरण हरित लवादापर्यंत पोहोचले. त्या काळात भरपाईची जी आश्वासने मिळाली, ती मुख्यतः आकड्यांतली होती: 15 हजार नवी झाडे, तीही 15 फुटी, थेट आंध्रातल्या राजमहेंद्रीहून आणलेली. झाडे किती, उंची किती, यावर भरपूर बोलले गेले. त्यात जाती किती आणि कोणत्या, हे फारच थोड्यांनी विचारले.

विचारायला हवे होते. कारण माणसाला झाडांतले वैविध्य जाणवते, नावे ठाऊक नसली तरीही.

इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात रिचर्ड फुलर आणि सहकाऱ्यांनी बागांत येणाऱ्यांचा अभ्यास केला, तो 2007 साली प्रसिद्ध झाला. जिथे वनस्पतींच्या जाती जास्त, तिथे आलेल्यांना मानसिकदृष्ट्या अधिक बरे वाटत होते आणि कुठल्या बागेत वैविध्य जास्त आहे याचा लोकांचा अंदाजही बऱ्यापैकी बरोबर होता. त्याच शहरात नदीकाठी झालेल्या आणि 2012 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासाने मात्र कोडे घातले. तिथे लोकांचे अंदाज चुकले. पण इथे खूप प्रकारची झाडे-पाखरे आहेत असे ज्यांना वाटले, त्यांना बरे वाटले, प्रत्यक्षात ती असोत वा नसोत. म्हणजे वैविध्य नुसते लावून भागत नाही, लोकांना ते दिसावे लागते, कुणीतरी दाखवावे लागते.

नाशिकमध्ये दाखवण्यासारखे पुष्कळ आहे. फेब्रुवारीत काटेसावर पानांशिवाय लालभडक फुलते आणि दिवस उजाडताच तिच्यावर मैना, बुलबुल, कोतवाल, शिंजीर यांची झुंबड उडते. मध संपला की जाडजूड फुले खाली पडतात आणि मग खारींची पाळी येते. उंबर आणि वड फळले की तांबट आणि हरियाल हजर. हरियाल हा तर महाराष्ट्राचा राज्यपक्षी, आणि त्याचे पोट भरते ते मुख्यतः अशा फळांवर. अगदी फ्लॅटच्या गॅलरीत कढीपत्त्याची एक कुंडी असली तरी त्यावर लिंबाळी फुलपाखराची अळी सापडते. लहानपणी ती पाखराच्या विष्ठेसारखी काळी-पांढरी दिसते आणि मोठी झाली की पानासारखी हिरवीगार होते. ते एकदा पाहिलेले मूल कढीपत्त्याकडे नुसती फोडणीची पाने म्हणून पाहत नाही.

याउलट आपल्या रस्त्यांकडे पाहावे. गुलमोहर, पेल्टोफोरम, रेन ट्री, अशोकाच्या नावाखाली लावलेली खोट्या अशोकाची रांग, दुभाजकात कोनोकार्पस. लवकर वाढतात, गुरे खात नाहीत, रोपवाटिकेत सहज मिळतात, म्हणून ती लावली जातात. यातल्या कोनोकार्पसच्या लागवडीवर गुजरातने 2023 मध्ये बंदी घातली. टेकड्यांवरची उंदीरमारी, म्हणजे ग्लिरिसिडिया, याच सोयीतून राज्यभर पसरली. सावली मिळते, हे मान्य. पण एकाच जातीवर सगळी मदार ठेवली की एक कीड किंवा एक रोग आला तर अख्खा रस्ता उघडा पडतो. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रँक सांतामूर यांनी 1990 मध्ये यासाठी साधा दंडक सुचवला होता: शहरात एका जातीची झाडे दहा टक्क्यांपेक्षा, एका प्रजातीगटाची वीस टक्क्यांपेक्षा आणि एका कुळाची तीस टक्क्यांपेक्षा जास्त नकोत.

नाशिकला हे परक्यांकडून शिकण्याची गरज नाही. सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावर 5 जून 2015 रोजी शेखर गायकवाड यांच्या ‘आपलं पर्यावरण’ संस्थेच्या हाकेला ओ देऊन हजारो नाशिककर आले आणि वनखात्याच्या जमिनीवर देशी जातींची दहा हजारांच्या वर रोपे लावून गेले. त्या जागेलाच आज नाशिककर देवराई म्हणतात. त्या दिवशीच्या गर्दीचे कौतुक झालेच, पण खरे कष्ट नंतरचे: उन्हाळ्यातले पाणी, गवत, वणव्याची धास्ती. लावलेल्या झाडाशी माणसाचे नाते त्या कष्टांतून जडते. उंटवाडीचा जुना वड उड्डाणपुलाच्या आड आला तेव्हा लोक त्याच्यासाठी उभे राहिले, तेही अशाच नात्यापोटी.

एक अडचण मात्र खरी आहे. मिश्र लागवड पहिली काही वर्षे विस्कटलेली दिसते. झुडपे, वेली, खाली पडलेला पाचोळा पाहून ‘साप निघतील’, ‘डास होतील’, ‘साफ करून घ्या’ अशा तक्रारी येतात. त्या करणाऱ्यांना अडाणी समजणे चूक आहे, कारण दुर्लक्ष झालेली जागा आणि राखलेली जागा यांतला फरक त्यांना कुणी दाखवलेलाच नसतो. अमेरिकेतल्या भूदृश्य-अभ्यासक जोन नॅसॉर यांनी 1995 मध्ये यावर उपाय सांगितला: आत रान असू द्या, पण कडा नीट ठेवा. कापलेल्या गवताची एक पट्टी, एक पायवाट, झाडांच्या मराठी नावांच्या पाट्या. एवढ्यानेही लोकांची नजर बदलते, कारण इथे कुणाचे तरी लक्ष आहे हे कळते.

राज्याच्या 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यात 2021 मध्ये बदल झाले. पन्नास वर्षे वा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला आणि तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी नवी झाडे लावण्याची अट आली. चांगले झाले. पण हिशेब पुन्हा संख्येचाच. शंभर वर्षांच्या वडाच्या बदल्यात शंभर पेल्टोफोरम उभे केले तरी आकडा जुळतो, हरियालचे पोट मात्र भरत नाही.

म्हणून सिंहस्थाच्या निमित्ताने जी लागवड होईल, तिच्याआधी महापालिकेने जागेनुसार जातींची यादी जाहीर करावी, मराठी नावांसह, आणि त्यावरही हरकती मागवाव्यात. रोपे बाहेरून आणण्याऐवजी अंजनेरी-त्र्यंबक परिसरात पिढ्यान्‌पिढ्या तगलेल्या झाडांच्या बिया, वनखात्याच्या संमतीने, आपल्याच रोपवाटिकांत रुजवाव्यात. पळस, पांगारा, बहावा, वावळ, मेडशिंगी, शिवण, आणि खालच्या थरात करवंद, मुरुडशेंग, धायटी. मोठी रोपे मिळायला दोन-तीन वर्षे जातील, तर जाऊ द्यावीत. आणि तीन वर्षांनी कोणती किती जगली याचा तपशील त्या त्या प्रभागात फलकावर लावावा, म्हणजे शेजारच्या शाळेतली मुलेही तो झाडांशी ताडून पाहू शकतील.