तण कोणाला म्हणावे?

रुईचे बोंड उकलले की त्यातून पांढऱ्याशुभ्र ‘म्हाताऱ्या’ वाऱ्यावर निघतात. त्यांच्यामागे कधीच धावला नाही असा मुलगा किंवा मुलगी आपल्याकडे विरळाच. अशीच म्हातारी अमेरिकेच्या प्रेअरी प्रदेशातही उडते. ती मिल्कवीड नावाच्या रानफुलाची. हे झाड आपल्या रुईच्याच कुळातले. पान तोडले की तसाच पांढरा चीक येतो, म्हणून नावात ‘मिल्क’, म्हणजे दूध. पण ‘वीड’ म्हणजे तण! माझी तक्रार आहे ती या दुसऱ्या शब्दाविषयी.

प्रेअरी म्हणजे गहू-मक्याचे कोठार, असे आपण भूगोलात शिकतो. हे कोठार होण्यापूर्वी तेथे पुरुषभर उंचीचे गवत आणि शेकडो जातींची रानफुले होती. नांगर आला आणि ती गेली. आयोवा राज्यात मूळ प्रेअरीचा हजारावा भागही आज उरलेला नाही. मिल्कवीड मात्र चिवट. जमिनीखाली आडव्या पसरलेल्या मुळांतून ते मक्याच्या ओळींमध्ये पुन्हा डोके वर काढीत असे. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते तण.

पण १९४२ मध्ये जपानने जावा बेट घेतले आणि कपोकचा, म्हणजे पांढऱ्या सावरीच्या कापसाचा, पुरवठा तुटला. नौसैनिकांना बुडण्यापासून वाचवणारी जाकिटे या कापसाने भरीत. तेव्हा अमेरिकेतील शाळकरी मुलांनी रानोमाळ हिंडून मिल्कवीडची बोंडे गोळा केली. दोन पोती बोंडांतून एक जाकीट भरे. कालचे तण त्या वर्षांत देशाचे धन झाले. झाड तेच होते. बदलली ती आपली गरज.

युद्ध संपले आणि ते पुन्हा तण ठरले. १९९६ पासून तणनाशक सहन करणारे सोयाबीन आणि पुढे तसाच मका पेरला जाऊ लागला. फवारणीत पीक जगते, बाकी सारे मरते. शेतांतले मिल्कवीड बहुतेक नाहीसे झाले.

एक तण गेले तर बिघडले काय? मोनार्क या नारिंगी फुलपाखराला विचारा. त्याचा सुरवंट मिल्कवीडच्या जातींखेरीज दुसरे काहीच खात नाही. ही फुलपाखरे दर हिवाळ्यात हजारो किलोमीटर उडत मेक्सिकोतील डोंगरी जंगलांत जातात. तेथे झाडांवर त्यांनी व्यापलेली जागा मोजतात. १९९६-९७ च्या हिवाळ्यात ती १८ हेक्टरांहून अधिक होती. २०१३-१४ मध्ये अवघी ०.६७ हेक्टर भरली. त्यानंतर ती कमीजास्त होत आली आहे, पण पूर्वीचा आकडा पुन्हा दिसलेला नाही. याला जंगलतोड आणि अवर्षण हीही कारणे आहेत. पण अंडी घालायला पानच नसेल, तर पुढची पिढी येणार कोठून?

म्हणून तेथील अनेक शाळा आता अंगणात मिल्कवीड लावतात. त्याच्या फुलांतील मधावर मधमाश्या आणि भुंगेही येतात. हे काम चांगलेच आहे. पण नुसता उत्साह पुरत नाही. बाजारात सहज मिळते ते आपल्या बागांतले हळदीकुंकू. तेही मिल्कवीडच, पण उष्ण प्रदेशातले. फ्लोरिडा-टेक्सासमध्ये ते हिवाळ्यातही हिरवे राहते. त्यामुळे काही मोनार्क पुढे न जाता तेथेच मुक्काम करतात आणि त्याच त्या पानांवर त्यांच्या रोगाचे परजीवी साठत जातात. भले करायला जावे आणि रोग पसरावा, असे होते. म्हणून झाड त्याच मातीतले हवे. स्थानिक मिल्कवीडच्या बियांना रुजण्यापूर्वी थंडी आणि ओल लागते, फुलायलाही बहुधा वर्ष-दोन वर्षे जातात. तेवढा धीर हवा. शिवाय ते गुरांना विषारी असल्यामुळे कुरणात लावू नये.

यावरून आपण काय घ्यावे? मिल्कवीडचे बी नक्कीच नव्हे. मोनार्क आपल्याकडे राहत नाही. पण त्याचा जवळचा नातलग, प्लेन टायगर नावाचे नारिंगी फुलपाखरू, आपल्या रुईवर अंडी घालते. रुईच्या फुलावर मोठे काळे भुंगे तुम्ही पाहिले असतीलच. तरीही शाळेच्या सफाईत आधी कोयता चालतो तो रुईवर!

शिक्षकांना माझी विनंती आहे. कुंपणालगतची रानझाडे तोडण्यापूर्वी महिनाभर मुलांना ती पाहू द्या. कोणत्या झाडावर कोणता कीटक येतो, पानाखाली अंडी आहेत का, हे वहीत लिहू द्या. रुईचा चीक डोळ्यांना घातक, म्हणून हात न लावता पाहावे. नोंदी झाल्या की मग सर्वांनी मिळून ठरवावे, यातले तण कोणते. निकाल देण्यापूर्वी दुसरी बाजू ऐकून घेणे हा न्यायालयाचा नियम आहे. विज्ञानाचाही तोच आहे.